मामाची भट्टी, मामीचं शेंगतेल

खरं सांगायचं तर एडिटरला हवं होतं ‘वीकएण्ड इन कोल्हापूर’. म्हणजे कसं, तर सकाळी मिसळ, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा, रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं फेसाळ दूध आणि परतताना चपला. फोटो सहा, शब्द हजार. असे लेख मी झोपेतही लिहू शकते आणि, एडिटरनं वाचू नये म्हणून हळूच सांगते, दोनदा लिहिलेही आहेत.

यावेळी कोल्हापूरला गेले आणि दोन दिवसांतले जागेपणीचे निम्मे तास एका दहा बाय बाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये काढून आले. रंकाळा बघितलाच नाही. मिसळ खाल्ली, तेवढी मात्र सोडली नाही.

ही शेड राजारामपुरीत, माझ्या मामाच्या घरामागे. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून एसटी पकडली की साधारण 230 किलोमीटर. सातारा, कऱ्हाड, किणीचा टोलनाका आणि पहाटे कोल्हापूर. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली तर मामी गेटवरच उभी. ‘‘मी कवापासनं वाट बघालोय!’’ कोल्हापुरातल्या बायका स्वतःबद्दल बोलताना सरळ ‘मी आलो’, ‘मी केलो’ म्हणतात. पुण्यात वाढलेल्या माझ्यासारखीला पहिल्या दिवशी ते कानाला टोचतं आणि दुसऱ्या दिवशी मीही ‘मी जातो’ म्हणायला लागते.

मामा दिसला नाही. ‘‘मागं हाय,’’ मामी म्हणाली. ‘‘कालपासनं गप-गप हाय. आज संध्याकाळी ठश्याला पाणी द्यायचंय न्हवं.’’

पाणी? कसलं पाणी?

लहानपणी सुट्टीला यायचे तेव्हा ही शेड आम्हाला ‘नो एण्ट्री’ होती. तिथे मामाचं वेगळंच जग होतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यानं चौतीस वर्षं काढली आणि घरी आल्यावर रात्री जेवण झालं की पुन्हा शेड. तेव्हा वाटायचं, याला घर आवडत नाही बहुतेक.

आता कळतंय की त्याला काय आवडायचं. मामा चांदीच्या दागिन्यांचे ठसे कोरतो. कोल्हापूरच्या जवळच हुपरी आहे, पट्टणकोडोलीच्या बाजूला. चांदीचं गाव. तुमच्या पायात पैंजण असतील तर ते तिथून आलेले असायची चांगलीच शक्यता आहे. या पैंजणांवरची कोयरी, मोर, फूल ही नक्षी प्रत्येक नगावर हातानं कोरत बसत नाहीत. पोलादाच्या ठोकळ्यात ती एकदा उलटी, खोलगट कोरायची. मग चांदीचा पत्रा त्यावर ठेवून प्रेसनं दाबायचा. पत्रा आत बसतो, उठावाची नक्षी तयार. ठसा चांगला असेल तर त्यातून नगावर नग, नगावर नग.

पण कोरायचं म्हणजे पोलाद नरम हवं आणि ठोके खायचे म्हणजे कडक हवं. एकच ठोकळा आधी नरम, मग कडक. हा जो मधला बदल आहे, त्याला मराठीत म्हणतात पाणी देणं. विळ्याला पाणी, कुऱ्हाडीला पाणी, तलवारीला पाणी. आपण एखाद्या माणसाचं ‘पाणी जोखतो’ ना, त्या शब्दाला इथे, या शेडमध्ये, एकदम वजन येतं. गंमत म्हणजे मामा ज्या पोलादात काम करतो त्याला पाणी द्यायचं तर ते तेलात द्यावं लागतं. पाण्यात बुडवलं तर तडकेल.

त्या पोलादाचं नाव ओएचएनएस. ऑइल हार्डनिंग नॉन-श्रिंकिंग. उद्यमनगरात कुठल्याही दुकानात जाऊन हे चार अक्षरी मंत्र म्हणा, दुकानदार पट्टी हवी की गोल बार एवढंच विचारेल. त्यात साधारण 0.9 टक्के कार्बन, एक टक्क्याच्या आसपास मँगनीज, थोडं क्रोमियम, थोडं टंगस्टन. कडक होताना त्याचा आकार फारसा बदलत नाही, म्हणून नॉन-श्रिंकिंग. ठश्याला हेच हवं, नाहीतर मोर कोरावा आणि बदक निघावं.

उजवा डोळा, डावा डोळा

मी चहा घेऊन शेडमध्ये गेले तर मामा स्टुलावर बसून एक डोळा झाकत होता, मग दुसरा. समोर बल्बच्या उजेडात ठसा. चाळीस मिलिमीटरचा चौरस, पंचवीस जाड. मधोमध कोयरी, तिच्या पोटात वेल आणि कडेनं मोहरीएवढे ठिपके. तीन आठवड्यांचं काम. दिवसातून दोन-अडीच तासच, कारण त्यापुढे हात थरथरतो, असं तो स्वतःच म्हणाला. मामा आता अडुसष्ट वर्षांचा आहे.

‘‘काय करतोयस मामा?’’

‘‘बघतोय कुठला डोळा खरं बोलतोय ते.’’

मग हळूहळू सगळी स्टोरी बाहेर आली. गेल्या वर्षी त्याचे लागोपाठ दोन ठसे पाणी देताना तडकले. चौतीस वर्षांत तडकले नव्हते असं नाही, पण लागोपाठ दोन नाही. पहिल्यांदा त्यानं दुकानदाराला शिव्या घातल्या, पोलाद खराब दिलंस म्हणून. दुसऱ्यांदा तडकल्यावर त्यानं तुकडा उलटा करून भिंगाखाली बघितला. तो तुकडा त्यानं मलाही दाखवला. तुटलेली बाजू खडबडीत, चमचमणारी, खडीसाखरेसारखी. शेजारी त्यानं जुना, बरोबर तापवलेला एक तुकडा ठेवला. त्याची तुटलेली बाजू राखाडी, मऊसूत, मैद्यासारखी.

‘‘जास्त तापलं की दाणा वाढतोय. दाणा वाढला की ठिसूळ. म्हणजे पोलाद बरोबर होतं, मीच जास्त तापवालो होतो. का? तर मला लाल दिसायलाच उशीर होत होता.’’

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. मोतीबिंदू आला की डोळ्यातलं भिंग धूसर तर होतंच, शिवाय पिवळं पडत जातं. म्हणजे सगळं जग पिवळ्या गॉगलमधून. आणि मामासारखी माणसं भट्टीतलं पोलाद किती तापलंय ते रंगावरून ओळखतात. साधारण 500 अंश सेल्सिअसच्या पुढे अंधारात पोलाद मंद लाल दिसू लागतं, मग गडद लाल, मग उजळ लाल, मग नारिंगी. ओएचएनएसला हवे असतात 800 च्या आसपास. मामाच्या भाषेत ‘डाळिंबाचा दाणा, पण पिकलेला’. धूसर डोळ्यांना तो डाळिंबी रंग वेळेवर दिसेना, म्हणून तो वाट बघत राहायचा आणि भट्टी पुढे जायची.

या उन्हाळ्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मामाला वाटलं, सुटलो. त्यानं एका रद्दी तुकड्यावर ट्रायल घेतली. यावेळी उलटं झालं! स्वच्छ डोळ्याला तेच पोलाद भलतंच उजळ दिसलं, त्यानं घाईनं तेलात बुडवलं, आणि कानस लावून बघितली तर कानस लोण्यात शिरावी तशी शिरली. तापलंच नव्हतं पुरेसं. नरम ते नरमच.

‘‘डावा उशिरा सांगतोय, उजवा लवकर सांगतोय,’’ मामा म्हणाला. ‘‘आणि हुपरीचा शेठ म्हणालाय, मामा, हा एक बघू. न्हाई जमलं तर कॉम्प्युटरवर करून घेतो.’’

कॉम्प्युटरवर म्हणजे सीएनसी. डिझाइन स्क्रीनवर, कोरणं मशीनचं, पाणी द्यायला व्हॅक्यूम फर्नेस. शेठचं काही चुकतंय असं मला अजिबात वाटलं नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि ते मामालाही माहीत होतं. म्हणून तर तो कालपासून गप-गप होता.

लोहचुंबक नावाची नामुष्की

इथे माझ्यातली सायन्स बारावीला सोडलेली मुलगी जागी झाली. म्हटलं, थर्मामीटर नाही का मिळत असला? मिळतो की. थर्मोकपल म्हणतात, उद्यमनगरात कुणीही देईल. पण त्याहून स्वस्त एक युक्ती आहे आणि ती मामाला आयटीआयपासून माहीत होती. साधारण 770 अंशांना लोखंड लोहचुंबकाला चिकटायचं बंद होतं. चुंबक सुटलं की समजायचं, आता थोडंच राहिलंय.

‘‘मग लाव की!’’

‘‘ते पोरांसाठी असतंय,’’ मामा म्हणाला. ‘‘शिकाऊ पोरांना देतात चुंबक.’’

मी काहीच बोलले नाही. मामी दाराशी उभी होती. ती म्हणाली, ‘‘मग आजच्याला शिकाऊ व्हा की. काय जातंय?’’

दुपारी मी मिसळ खायला म्हणून बाहेर पडले. उद्यमनगरातल्या त्या प्रसिद्ध दुकानाबाहेर शनिवारची रांग, रांगेत पुण्या-मुंबईच्या गाड्या. नंबर लागेपर्यंत आजूबाजूला फिरले आणि पहिल्यांदाच नीट बघितलं की आपण मिसळीसाठी नेमके कुठे येतो. दोन्ही बाजूंना लेथ, शेपर, ड्रिलिंग, वेल्डिंगची निळी ठिणगी, दारात पडलेला लोखंडाचा कुरळा कीस. उसाची गुऱ्हाळं आणि शेतीची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता इथे एक अख्खी इंजिनीअरिंगची पेठ उभी राहिली आणि आज कोल्हापूरच्या फाउण्ड्र्यांचं कास्टिंग देशभर जातं. आपण रस्सा एक्स्ट्रा मागतो आणि निघून येतो. एका भंगारवाल्याकडे फुटक्या स्पीकरचा गोल मॅग्नेट मिळाला. त्यानं पैसे घेतले नाहीत. ‘‘कुणाच्यात आलाईसा?’’ असं विचारलं, मामाचं नाव सांगितलं, तर म्हणाला, ‘‘मग घेऊन जावा.’’

मामानं मॅग्नेट हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि काही न बोलता एका लांब पितळी सळीच्या टोकाला तारेनं आवळला. पितळी का, तर लोखंडी सळीला तो स्वतःच चिकटून बसेल. म्हणजे होकार होता तर.

दिवेलागणीची वेळ

पाणी द्यायला अंधार लागतो. भर उन्हात तापलेलं पोलाद फिकट दिसतं, रंगाचा अंदाज चुकतो. म्हणून मामा नेहमी दिवेलागणीला भट्टी पेटवतो. मामी आत देवाला दिवा लावते, हा मागे भट्टी. आमच्या घरातला हा जुना जोक आहे.

भट्टी म्हणजे फायर ब्रिक्सची चौकट, खाली लोखंडी नळी, नळीला छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर. आत लाकडी कोळसा. कोळशाच्या मधोमध त्यानं एक जाड पाइपचा तुकडा आडवा ठेवला होता. ठसा थेट कोळशात नाही ठेवायचा, पाइपमध्ये ठेवायचा. म्हणजे आच चारी बाजूंनी सारखी लागते आणि हवेचा झोत थेट बसत नाही. तापलेल्या पोलादावर हवा लागली की पापुद्रा धरतो, वरच्या थरातला कार्बन जळतो आणि तीन आठवड्यांचे मोहरीएवढे ठिपके खरबरीत होतात. त्यावर मामाचा उपाय ऐकून मी उडालेच. कॅरमची पावडर! कॅरम बोर्डवर टाकतो ती बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवायची, ठश्याला माखायची, वाळवायची. आचेवर ती वितळून काचेसारखा पातळ लेप धरते.

तेल म्हणजे शेंगतेल. पंधरा किलोचा जुना डबा, त्यात पाऊण डबा शेंगदाण्याचं तेल. कारखान्यात खास क्वेंचिंग ऑइल असतं, पण घरात त्याचा धूर नको म्हणून मामीनंच ही परवानगी दिली होती आणि गेली कित्येक वर्षं ती परवानगी दर महिन्याच्या किराणाच्या वेळी ऐकवत आली आहे. डबा आधी स्टोव्हवर कोमट केला, पन्नास-साठ अंशांपर्यंत. थंड तेल घट्ट असतं, पोलादाभोवती नीट फिरत नाही. डब्याशेजारी पत्र्याचं झाकण, कारण तेल पेटलं तर झाकायचं असतं. पाण्याची बादली लांब, कारण पेटलेल्या तेलावर पाणी टाकलं तर भडका होतो. वाळूची बादली जवळ.

‘‘ओढणी काढून ठेव. केस बांध. चप्पल नको, बूट घाल.’’ मला मामाचे गमबूट मिळाले. फोटो काढायचा राहिला.

ब्लोअर चालू झाला. कोळसे आधी लाल, मग पिवळे. पाइपच्या आत ठसा काळाच. आम्ही दोघं वाकून बघत बसलो. खूप वेळ काहीच होत नाही. मग एकदम वाटतं की कोपरा दिसतोय. आधी वाटतं की भास आहे.

‘‘सांग. कसला लाल?’’

‘‘मरून. डार्क मरून.’’

‘‘ते काय असतंय?’’

‘‘म्हणजे... बीटासारखा.’’

‘‘हं.’’

थोड्या वेळानं, ‘‘आता?’’

‘‘ब्रिक रेड. म्हणजे विटेसारखा. नाही, आता जास्वंद.’’

नेलपॉलिशच्या शेड्सचं ज्ञान आयुष्यात पहिल्यांदा कामी येत होतं. मामा एकदा उजव्यानं बघत होता, एकदा डाव्यानं, आणि दरवेळी मान हलवत होता. ‘‘लाव,’’ तो म्हणाला. मी पितळी सळी आत घातली. मॅग्नेट टक् करून ठश्याला चिकटला. काढली, कारण मॅग्नेट फार वेळ तापला तर त्याचीच ताकद जाते. दोन मिनिटांनी पुन्हा. टक्. पुन्हा. यावेळी सळी आत गेली आणि काहीच झालं नाही. मॅग्नेट ठश्यावरून घसरला, जसा दगडावरून घसरेल.

‘‘सुटला!’’ मी ओरडले.

‘‘वरडू नको. आता थांबायचं.’’

हे थांबणं सगळ्यात कठीण. चुंबक सुटलं म्हणजे वेळ आली असं नाही. अजून वीस-तीस अंश वर न्यायचं आणि मग तिथेच धरून ठेवायचं, पोटापर्यंत आच पोचेपर्यंत. या वेळात आत काय चाललेलं असतं ते मला नंतर कळलं. तापल्यावर लोखंडाचे अणू आपली मांडणी बदलतात, त्या नव्या मांडणीत कार्बनला आत शिरायला ऐसपैस जागा मिळते. हिला ऑस्टेनाइट म्हणतात, रॉबर्ट्स-ऑस्टेन या इंग्रज शास्त्रज्ञावरून. सावकाश थंड केलं तर कार्बन शिस्तीत बाहेर पडतो आणि पोलाद नरम होतं. झटकन थंड केलं तर लोखंड जुन्या मांडणीकडे परतायला बघतं, पण कार्बनला उतरायला वेळच मिळत नाही. सकाळी नऊच्या लोकलमध्ये दारातल्या माणसाला उतरू दिलं नाही तर डबा जसा होतो, तसं. ताणलेलं, अडकलेलं, जराही न हलणारं. तो ताण म्हणजेच कडकपणा. याचं नाव मार्टेन्साइट, आडोल्फ मार्टेन्स या जर्मनावरून. काचेइतकं कडक, आणि काचेइतकंच भरवशाचं.

मामा ब्लोअर कमी-जास्त करत होता. ‘‘आता सांग.’’

‘‘डाळिंब,’’ मी म्हणाले. यावेळी शेड आठवावी लागली नाही. ‘‘पिकलेलं.’’

‘‘सगळीकडं सारखं?’’

‘‘उजव्या कोपऱ्यात थोडं कमी.’’

त्यानं सांडशीनं ठसा फिरवला. थांबला. ‘‘आता?’’

‘‘सारखं.’’

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. सांडशी आत, ठसा बाहेर, आणि अंधारात एक डाळिंबी चौकोन हवेतून गेला. उभा, धारेवर, सरळ तेलात. चर्रर्र आवाज, डब्यातून एक जीभभर ज्वाळा, आणि शेडभर गरम भज्यांचा वास. मामा सांडशी वर-खाली करत राहिला, न थांबता, आणि मान वाकडी करून ऐकत होता. तडकला तर आवाज येतो. टिक्. एवढाच. तीन आठवड्यांचा हिशेब त्या एका टिक् मध्ये होतो. मीही ऐकत होते. बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि मला त्या माणसाला जाऊन गप्प करावंसं वाटलं.

टिक् आला नाही.

बुडबुडे थांबले. ठसा बाहेर आला तेव्हा काळाकुट्ट, तेलानं निथळणारा. हातात जेमतेम धरवेल इतका गरम असताना मामानं कडेवर कानस घासली. कानस सरकली. काचेवरून सरकावी तशी, किर्रर्र करून. मामानं ती माझ्या हातात दिली. ‘‘बघ तू बी.’’

आणि मग लाईट गेली

तुम्हाला वाटेल झालं. मलाही वाटलं. पण अशा अवस्थेतला ठसा म्हणजे आतून ताणलेली काच. जमिनीवर पडला तर फुटेल. नुसता तसाच रात्रभर ठेवला तरी सकाळी तडकलेला मिळू शकतो. त्याला लगेच, पूर्ण गार व्हायच्या आत, पुन्हा मंद आचेवर न्यावं लागतं. साधारण 200 अंश, दोन तास. यानं अडकलेल्या कार्बनपैकी थोडासा मोकळा होतो, ताण उतरतो, कडकपणा जरासा जातो आणि चिवटपणा येतो. याला टेंपर करणं म्हणतात. आणि हे काम मामा करतो मामीच्या ओटीजीमध्ये! ज्यात दिवाळीला नानकटाई होते त्याच. आत एक वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवलाय, कारण ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर मामाचा विश्वास नाही.

ठसा ओटीजीत गेला. काटा 110 वर पोचला आणि लाईट गेली. अख्ख्या गल्लीची.

दहा मिनिटं वाट बघितली. मामा उठला, वाळूची बादली उचलली आणि स्वयंपाकघरात आला. ‘‘कढई दे.’’

‘‘कुठली?’’ मामीचा आवाज बदलला.

‘‘लोखंडी. मोठी.’’

‘‘त्यात मी...’’ मामी थांबली. मग तिनं कढई दिली. ‘‘परत आत आणायची न्हाई हां ती.’’

फुटाणे भाजतात तशी गॅसवर वाळू. वाळूत ठसा अर्धा रुतवलेला, वरची एक कड मामानं पॉलिश पेपरनं घासून आरशासारखी केलेली. थर्मामीटर उपयोगाचा नाही, आता पुन्हा डोळे. तापत जाताना स्वच्छ पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसतात. साधारण 220 च्या आसपास फिकट पिवळा, 250 च्या पुढे तपकिरी, 280 ला जांभळा, 300 ला निळा. मामाच्या भाषेत नवा गूळ, काकवी, जांभूळ, मोरपीस. छन्नीला जांभूळ चालतं, स्प्रिंगला मोरपीस. ठश्याला फक्त नवा गूळ. काकवी दिसली की उशीर झाला, ठसा हवा त्याहून नरम.

मी मोबाइलचा टॉर्च मारला तर पॉलिशची कड नुसती चकाकली, रंग दिसेना. फूड शूटला फोटोग्राफर काय करतात ते आठवलं. टॉर्च थेट नाही, समोरच्या पांढऱ्या कागदावर मारायचा आणि त्याचा परतलेला उजेड वापरायचा. मामीनं भिंतीवरच्या कॅलेंडरचा गेलेला महिना फाडून दिला. मागची बाजू कोरी. चमक गेली, कड शांत दिसायला लागली.

मामानं डावा डोळा झाकला. मग उजवा. मग दोन्ही उघडून बसून राहिला.

‘‘उजव्यानं चांदी दिसायलीय,’’ तो म्हणाला. ‘‘डाव्यानं गूळ. पहिल्यापासनंच गूळ.’’

कुणी काही बोललं नाही. गॅसचा आवाज तेवढा.

‘‘तूच सांग,’’ मामा म्हणाला. आणि चक्क पाठ फिरवून खुर्चीवर बसला.

मी फ्रीलान्सर आहे. माझी सगळ्यात मोठी डेडलाइन चुकली तर फार तर एक पान रिकामं राहतं, आणि तिथे जाहिरात टाकतात. त्या कढईसमोर मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. कड पांढरी होती, पांढरी होती, पांढरीच होती. मग वाटलं, साय धरल्यासारखी. मामीकडे बघितलं, ती म्हणाली, ‘‘मला न्हाई कळत बाई, तुलाच विचारलंय.’’ मग सायीला किंचित पिवळी झाक. कोपऱ्यात आधी. मी वाळू सरकवली. झाक पसरली.

‘‘मामा, नवा गूळ.’’

तो उठला, सांडशीनं ठसा उचलून फरशीवर विटेवर ठेवला. त्यानं बघितलंही नाही. ‘‘काकवी न्हाई न्हवं?’’

‘‘नाही.’’

‘‘नक्की?’’

‘‘मामा, नवा गूळ!’’

सव्वादहाला लाईट आली. मामानं ठसा पुन्हा ओटीजीत टाकला, 200 वर दोन तास. दोनदा टेंपर केलेलं कधी वाया जात नाही म्हणे. मला वाटतं, त्याला फक्त जागं राहायचं होतं. मी आतल्या खोलीत झोपले तेव्हा स्वयंपाकघरात ओटीजीचा तो छोटा लाल दिवा आणि समोर खुर्चीवर मामा, एवढंच दिसत होतं.

हुपरी

रविवारी सकाळी मामाच्या स्कूटरवर मागे बसून हुपरीला गेलो. ठसा माझ्या सॅकमध्ये, मामीच्या जुन्या ब्लाउजपीसात गुंडाळलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. गावात शिरल्यावर घराघरातून बारीक ठकठक ऐकू येते. ओसरीवर बसून कुणी कड्या जोडतंय, कुणी घुंगरू ओवतंय, आत गॅसची बारीक निळी ज्योत. घर कुठे संपतं आणि कारखाना कुठे सुरू होतो ते कळत नाही. मला एकदम मामाची शेड आठवली.

शेठनं चहा सांगितला. ठसा हातात घेऊन भिंगातून बराच वेळ बघितला, नखानं ठिपके चाचपले. मग कारागिराकडे दिला. हातानं फिरवायचा प्रेस होता, वर आडवा दांडा, दांड्याच्या दोन टोकांना लोखंडी गोळे. कारागिरानं ठसा आवळला, चांदीच्या पट्टीचा तुकडा ठेवला, दांड्याला झोका दिला. धप्.

मामा तोपर्यंत बाहेर स्कूटरजवळ जाऊन उभा राहिला होता.

कारागिरानं कोयरी काढून शेठच्या तळहातावर ठेवली. वेल, ठिपके, सगळं. दुसरी धप्. तिसरी. दहाव्यानंतर त्यांनी ठसा काढला, पुसला, पुन्हा भिंग लावलं. कडा जशाच्या तशा. मग शेठ स्वतः उठून बाहेर आले.

‘‘मामा, ही उजव्या पायाची झाली,’’ ते म्हणाले. ‘‘डाव्या पायाची उलटी कोयरी लागंल की. कधी देताय?’’

मामानं माझ्याकडे बघितलं. ‘‘तुला परत सुट्टी कवा हाय?’’